हवेत सोडलेला गॅस

प्रिय पान्या,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे न फोडताच कपाटात टाकशील अशी धास्ती होती, म्हणून पत्ता लेकीकडून लिहून घेतलाय. सव्वीस वर्षं एका दुकानात काढली आणि गेली सहा वर्षं तुला एक फोन केला नाही, त्यामुळे सुरुवात कशी करावी ते सुचत नाही. आधी चांगली बातमी सांगतो. मी आजोबा झालो. नातीचं नाक माझ्यावर गेलंय, बिचारीचं नशीब!

दुकान चालू आहे. फ्रिज, एसी, आपलं तेच सगळं. तू गेल्यावर पाटीवरून तुझं नाव काढायला रंगारी बोलावला होता. तो शिडी लावून उभा राहिला आणि मीच म्हटलं, राहू दे. यंदा उन्हाळा इतका लवकर आला आणि इतका रेंगाळला, की जेवायला फुरसत नव्हती. पूर्वी असा उन्हाळा पडला की मला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. यंदा नाही फुटल्या. म्हातारी माणसं एसी दुरुस्त होईपर्यंत जिन्यात बसून राहायची, तोंडानं श्वास घेत.

त्यात लेक जिथे बाळंत झाली त्या प्रसूतिगृहाचाच एसी तिसऱ्या दिवशी बंद पडला. मेकॅनिक घरचाच! कॉम्प्रेसर बदलायचा, म्हणजे आधी आतला गॅस रिकामा करायचा. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. व्हॉल्व्ह ढिला करायचा, फुस्स करून सगळा हवेत सोडायचा, पाच मिनिटांत पुढचं काम. तू सांगायचास, एका एसीतला गॅस असा सोडणं म्हणजे गाडीचा कित्येक महिन्यांचा धूर सोडण्यासारखं आहे, त्यानंच ऊन वाढतं, तो यंत्रानं ओढून टाकीत भरायला हवा. मी तुला आभाळाचा चौकीदार म्हणून चिडवायचो. त्या दिवशी गच्चीवर व्हॉल्व्हला पाना लावला आणि हात पुढे जाईना. खाली तीन दिवसांची पोर घामोळ्यांनी लाल झाली होती. माझ्या वयाची होईपर्यंत हिला याच हवेत राहायचंय, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात कधी शिरलीच नव्हती.

मग धावत दुकानात गेलो आणि तू ठेवून गेलेलं ते गॅस ओढायचं यंत्र काढलं. खोटं कशाला बोलू, सहा वर्षं मी त्यावर डबा ठेवून जेवत होतो. नळ्या अंदाजानं जोडल्या, टाकीचं वजन केलं नाही, भरत सुटलो. टाकी भलतीच जड झाली तेव्हा आठवलं, ती काठोकाठ भरायची नाही, पाचवा हिस्सा रिकामा ठेवायचा, नाहीतर फुटते, हे तू यंत्र आणायच्या आधीपासून किती वेळा बजावायचास. घाबरून थोडा गॅस हवेतच सोडला! बाकीचा मात्र वाचवला. घरी ही पोट धरून हसली. म्हणाली, शहाणपण आलं तेही अर्धवट.

आता जे लिहायचं ते लिहितो. तुला शिक्षकाची नोकरी लागली म्हणून तू दुकान सोडलंस, असं मी सगळ्यांना सांगत आलो. खरं कारण आपल्या दोघांनाच माहीत आहे. तू हौसेनं ते यंत्र घेऊन आलास, त्याच दिवशी मी गिऱ्हाइकांसमोर मुद्दाम एक एसी उघडला, सगळा गॅस तुझ्या डोळ्यांदेखत सोडला आणि हसलो. गिऱ्हाइकंही हसली. तू हात पुसलेस आणि निघून गेलास. पान्या, मी चुकलो. तू माझ्यापुढे गेलास हे मला बघवत नव्हतं. तुझी आठवण रोज येते.

तुझ्या प्रशिक्षण केंद्रात सोमवारपासून गॅस हाताळणीचा नवा वर्ग सुरू होतोय. पंचावन्नच्या वरच्या माणसाला शिकवणाऱ्याच्या सहीशिवाय घेत नाहीत, म्हणून माझा फॉर्म सोबत जोडलाय. नको वाटलं तर फाडून टाक, मी काही म्हणणार नाही. सही केलीस तर वेळेवर येईन, तुला सर म्हणेन, आणि पहिल्याच दिवशी भर वर्गात उभा राहून त्या दिवशी मी काय केलं ते सांगेन. अपमान चारचौघांत केला होता, माफीही चारचौघांतच मागायची आहे.

तुझाच,
होऊ घातलेला विद्यार्थी