फरकात काय बसतं

५ जुलै १९९९, सोमवार
नव्या गजराच्या घड्याळाने आजही मौन पाळलं. ऋषितुल्य घड्याळ! घेताना बुधवार पेठेतली सगळी दुकानं पालथी घातली. काटे पाहिले, सेल किती दिवस पुरतो ते विचारलं, चावीचं स्वस्त घड्याळ विवेकाने बाजूला सारलं — आणि निवडलं ते मुकं. श्यामला त्याच्या आधी उठून स्वयंपाकघरात असते. ती येऊन हलवते म्हणून शाळा गाठतो. बायकोला सेल लागत नाही, हा मुद्दा खरेदीच्या वेळी सुचला नाही.

८ जुलै, गुरुवार
नव्या वेतनश्रेणीचा फरक अखेर हातात आला. घरी तासाभरात पक्ष पडले.
केयूर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. "बाबा, कॉम्प्युटर. प्रत्येक असाइनमेंटला सायबर कॅफेत रांग लावायची म्हणजे टू मच आहे."
श्यामला चादर पिळत होती. पिळताना मनगट धरून थांबते. म्हणून तिच्या वतीने वॉशिंग मशीन मीच मांडलं.
हिशेब सरळ आहे. फरकात कॉम्प्युटर बसतो, मग काही उरत नाही. किंवा वॉशिंग मशीन बसतं आणि थोडे उरतात. दोन्ही बसत नाही. न्यायाधीश मी. आमच्या संस्कृत शास्त्रार्थाची रीत अशी की समोरच्याची बाजू आधी त्याच्याहून चांगली मांडायची, मग खोडायची. केयूर म्हणाला, "मांडा. खोडू नका."

९ जुलै, शुक्रवार
शिक्षकांच्या खोलीत श्रीधरला विचारलं. तो अकरावीला अर्थशास्त्र शिकवतो. म्हणाला, "ग्राहक विवेकी असतो, असं आम्ही धरून चालतो."
"धरता खरे. एखादा सापडलाय का?"
"सगळे पर्याय समोर असले तर सापडतो," म्हणाला आणि माझ्या डब्यातली शेवटची वडी विवेकाने उचलली.

१० जुलै, शनिवार
घड्याळ परत घेऊन गेलो. दुकानदाराने काटे फिरवले आणि ते माझ्या नाकासमोर धरलं.
"वाजतंय."
मी मान हलवली.
"मग तक्रार काय आपली?"
"आवाज फार मंजुळ आहे."
"मंजुळ हवं असेल तर गाण्याला जा. पुढे कोण?"
दुकानात गलका फार होता.

११ जुलै, रविवार
श्यामलाबरोबर मंडई. तिचा नियम — आधी पूर्ण चक्कर, तोवर पिशवी उघडायची नाही. पहिल्याच गाळ्यावर सुरेख दुधी दिसला तरी नाही. "सगळं बघितल्याशिवाय घेतलं की घरी जाऊन हळहळ." श्रीधरला ज्यासाठी पाठ्यपुस्तक लागतं ते हिने दुध्यावर भागवलं.
परतताना पिशवी तिने दोनदा या हातातून त्या हातात घेतली. मी मागितली तेव्हा म्हणाली, "अहो, केयूरला कॉम्प्युटर घेऊन टाका. माझे हात काही आजचे दुखत नाहीत."
विचार करतो म्हटलं. न्यायाधीशाला हे बोलणं शोभून दिसतं.

१३ जुलै, मंगळवार
नववीत श्रद्धा वाचायला उभी राहिली. चांगली मुलगी. 'सकलम्'ला 'शकलम्' म्हणाली. थांबवलं. सकल म्हणजे सगळं, शकल म्हणजे तुकडा. एका अक्षराने अख्ख्याचा तुकडा होतो. पुन्हा म्हण. पुन्हा 'शकलम्'. तिसऱ्यांदा तिचा आवाज कापरा झाला. शेजारची रुपाली उठून म्हणाली, "सर, ती बरोबर म्हणतेय."
वर्गात कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
मी म्हटलं, बसा दोघी.

१५ जुलै, गुरुवार
शाळेतून परस्पर डॉक्टरांकडे जाऊन आलो. सर्दी असावी म्हणून. सर्दी नाही म्हणाले.

१७ जुलै, शनिवार
निकाल दिला: कॉम्प्युटर. कारणं — मुलाचं भविष्य, काळाची दिशा, शिवाय विरुद्ध पक्षाने स्वखुशीने माघार घेतलेली. इतकं तर्कशुद्ध बोललो की क्षणभर मलाही पटलं. केयूरने मिठी मारली. श्यामला म्हणाली, "चला, मिटलं." मग चादरी घेऊन मोरीत गेली. लगोलग जाऊन आगाऊ पैसे भरून आलो.

१८ जुलै, रविवार
घड्याळ पहिल्या दिवसापासून वाजतं आहे. श्रद्धा 'सकलम्'च म्हणाली होती.
डॉक्टरांनी दोन्ही कानांना यंत्रं सांगितली आहेत. आधी बारीक आवाज जातात म्हणे — घड्याळाची पीं पीं, स, श — मग हळूहळू बोलणं. वॉशिंग मशीन घेतलं असतं तर उरलेल्यात एका कानाचं बसत होतं. पण श्यामलाने विचारलं असतं, उरलेल्याचं काय करायचं? मग सांगावं लागलं असतं. म्हणून काहीच उरणार नाही अशी वस्तू निवडली. मंडईतल्यासारखी चक्कर मी पूर्ण केलीच नाही. तिची मनगटं त्यात गेली.
स आणि श यांतला फरक ज्याला ऐकू येत नाही, त्याला संस्कृत शिकवायला किती दिवस ठेवतील?
मघाशी ती स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली. मी हो म्हटलं. कशाला हो म्हटलं, माहीत नाही.