सुंदो कुंभारणीचं कडं

मी, ओमवती, वडील कै. भीकमसिंह, जात जाट, वय चोवीस, प्राथमिक शाळेत शिक्षिका, राहणार नगला हाथीराम, कुम्हेरजवळ, जिल्हा भरतपूर, हे स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदय तेवढं नाही, पण मृत्युपत्राला ते लागत नाही, असं वकीलबाबू म्हणाले. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी दिल्लीच्या इस्पितळात माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. म्हणून ही व्यवस्था.

१. शिवणयंत्र वहिनीला. ते चालवताना तिने मला एकदा "घरात बसून खाणारी" म्हटलं होतं. ते मी विसरलेले नाही, पण यंत्राचा त्यात दोष नाही.

२. सायकल शाळेला. तिच्यावरून जाताना माझा चुलतभाऊ जसवंत पारावरून ओरडायचा, "हटा रे, कलेक्टरीणबाई आल्या!" त्याने तिला हात लावू नये.

३. आमच्या घराण्यात अक्षर पहिल्यांदा मला आलं. पुस्तकं भाची मुनेशला. माझ्या शब्दकोशातलं "प" चं एक पान फाटलेलं आहे, ते आधीच सांगून ठेवते.

४. आता कडं.

चांदीचं, जाड, एका बाजूला चेपलेलं कडं आणि सात ओळींचा कागद लाल फडक्यात बांधून माझ्या पेटीत आहे. गावात सगळे मानतात की महाराजा सूरजमलने कुम्हेरच्या वेढ्यात आमचे पूर्वज हाथीराम यांना ते दिलं. दखनी फौजेच्या तोफेने भिंत फुटली आणि हाथीराम खिंडारात उभे राहिले, अशी ती गोष्ट. गावाचं नाव त्यांच्यावरून. दसऱ्याला प्रत्येक घर गावच्या मातीच्या ओट्यावर ओल्या मातीची टोपली घालतं, कारण राजाचं बळ दगडात नव्हतं, किल्ल्याच्या मातीच्या तटात होतं. पहिली टोपली आमच्या घराची, शेवटची कुंभारांची. मग कागद वाचला जातो आणि पंच माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाला, लहरीसिंह ताऊंना, हाथीरामांचे वारस म्हणून पगडी बांधतात.

हाथीरामांनी कुणा लिहिणाऱ्याकडून उतरवून घेतलेला हा कागद मी तेरा वर्षांची होईपर्यंत घरात कोणी वाचलेलाच नव्हता. त्या दसऱ्याला आजोबांनी मला ओट्यावर उभं केलं. "वाच, लाली. शंभर पिढ्या मुक्या होत्या, आता आम्हाला तोंड फुटलं."

चार ओळी नीट वाचल्या. पाचवी अशी आहे :

"भिंत पडली तेव्हा मी पळालो. सुंदो कुंभारणीने गाढवांवरच्या मातीच्या गोणी लोटून खिंडार भरलं. राजाने हे कडं तिला दिलं. तिच्या घराला कवाड नाही म्हणून माझ्याकडे ठेवलं आहे. मागेल तेव्हा द्यावं."

आजोबांकडे पाहिलं. ते रडत होते, आनंदाने. मी श्वास घेतला आणि सहावी ओळ वाचली. तेव्हापासून अकरा दसरे झाले. अकरा वेळा मी ती ओळ सोडली. पहिल्या वेळी मी लहान होते. उरलेल्या दहांना तसं कारण नाही.

आजोबा जाताना म्हणाले, "वाचणारीच राखणारी," आणि पेटीची किल्ली मला दिली. त्यांचीच आणखी एक गोष्ट मला झोपू देत नाही. वेढ्यानंतर सात वर्षांनी तेच दखनी लोक पानिपतावरून उपाशी, जखमी होऊन आले, तेव्हा आपल्या राजाने त्यांना जेवू घातलं. आजोबा म्हणायचे, "वैर तोफेशी असतं, भुकेशी नसतं." ज्याने शत्रूला पोटभर वाढलं, त्याचं नाव घेऊन आम्ही शेजारणीचं कडं दाबून बसलो.

म्हणून : हे कडं सुंदोच्या घराण्यातल्या हरप्यारीकाकीला द्यावं. माझ्या मालकीचं नसल्यामुळे हे दान नाही, परत करणं आहे.

५. वरचं कलम लिहून मी काकीकडे गेले. ती चाकावर होती. सगळं सांगितलं. तिने चाक थांबवलं नाही.

"आमच्याकडे सासू सुनेला सांगत आली आहे, कडं आपलं आहे म्हणून," ती म्हणाली.

"मग मागितलं का नाहीस, काकी?"

"कुणाकडे मागू? पेटी तुमची, कागद तुमचा, वाचणारीपण तुमचीच."

"मी गेले की तुला मिळेल, असं लिहिलंय."

"वा! मी सत्तरीची आणि तू चोविशीची. तुझ्या मरणाची वाट मी बघत बसू?" मग चाक थांबलं. "मेलेल्याच्या हातचं मला नको, लाली. जिथे गिळलंस तिथेच ओक. ओट्यावर, सगळ्यांपुढे. मग घेईन."

म्हणून कलम चार असं वाचावं : या दसऱ्याला मी पाचवी ओळ वाचली, तर कडं तिथेच दिलं जाईल आणि कलम रद्द होईल. त्याआधी मेले तर मुनेशने ओट्यावर सातही ओळी वाचून ते द्यावं. मी जिवंत असूनही माझी जीभ रेटली नाही, तर कलम तसंच राहील आणि मेल्यावर माझ्या कपाळाला ओट्याची माती लावू नये.

६. माझ्या उत्तरकार्याला गावजेवण घालू नये. घातलंच तर कुंभारांची पंगत पहिली.

साक्षीदारांविषयी. गोविंदराम मास्तरांनी लगेच सही केली. दुसरी साक्ष मी ताऊंचीच मागितली, कारण पगडी त्यांच्या डोक्यावरची जाणार आहे. त्यांना अक्षर येत नाही. म्हणाले, "न ऐकता अंगठा देणार नाही. वाच."

मी वाचत गेले. पाचव्या ओळीशी आले आणि थांबले.

"पुढे?" ताऊ म्हणाले. "दरवर्षी इथेच श्वास घेतेस तू. मला काय कान नाहीत?"

"ताऊ, तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. वाच आता. ओळ सोडू नकोस."

मी वाचली. "मी पळालो" या शब्दांवर त्यांनी हुक्का बाजूला सारला. मग अंगठ्याला शाई लावून घेतली.

"अंगठा देतो, कारण तू लिहिलंस ते मी ऐकलं. खरं मानलं असं नाही. दसऱ्याला तू वाचशील तेव्हा मी पगडी घालून बसेन की उघड्या डोक्याने, ते मला ठरवू दे."

हे त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या सांगण्यावरून इथे लिहिलं आहे.

लिहून देणार : ओमवती

साक्षीदार :
१. गोविंदराम, मास्तर (सही)
२. लहरीसिंह (डाव्या हाताचा अंगठा)

नगला हाथीराम. नवरात्राचा दुसरा दिवस, संवत २०३५. दसऱ्याला आठ दिवस आहेत.