केटामिनची सिरिंज

सर,

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. आज माझ्या हाताखाली शिकणाऱ्या रेसिडेंट डॉक्टर मुलीला डोक्याला मार लागलेल्या पेशंटला भूल कशी द्यायची ते सांगताना तुमचं नाव अगदी ओठावर आलं, आणि मी ते घेतलं नाही.

ह्यूस्टनला रेसिडेंट म्हणून शिकायला आले तेव्हा आमच्या भूलविभागात मराठी बोलणारे तुम्ही एकटेच. पहिल्याच रविवारी गावाबाहेर शुगर लँडला तुमच्या घरी जेवायला नेलंत. काकूंनी आग्रह करकरून वाढलं. तुम्ही म्हणालात, "इथे आपलं कुणी नाही असं मनात आणू नकोस." मी नाही आणलं. तिथेच चुकले.

मग ती ऑगस्टमधली दुपार. घरांची छपरं शाकारणारा एक तरुण वरून पडलाय, त्याला तातडीच्या ऑपरेशनला आणलंय. कपाळ फुटलेलं, शुद्ध अर्धवट, पोटात रक्तस्राव, रक्तदाब ऐंशी. मी भुलीसाठी केटामिन भरते, कारण त्याने रक्तदाब टिकतो. तुम्ही आत येता, सिरिंज माझ्या हातातून काढून घेता आणि सगळ्यांसमोर मराठीत ओरडता, "डोक्याला मार आहे आणि केटामिन? मेंदूचं प्रेशर वाढवून मारायचंय का त्याला?" नर्सेसना शब्द कळत नाहीत. माझं तोंड पडलेलं तेवढं दिसतं.

"सर, बीपी फार लो आहे. नवीन रिसर्च पेपर्समध्ये तर केटामिन चालतं असं..."

"पेपर घरी वाच. प्रोपोफॉल दे. फुल डोस."

मी दिलं, तेही भुलीचंच औषध, पण रक्तदाब पाडणारं. मॉनिटरवरचा रक्तदाबाचा आकडा पन्नासच्या खाली गेला आणि आम्ही काय काय दिलं तरी बराच वेळ वर येईना. पोटाचं ऑपरेशन छान झालं. पण मार लागलेल्या मेंदूला तेवढा वेळ रक्त पुरलं नव्हतं. तो जगला. तीन आठवड्यांनी बायकोने तान्ही मुलगी त्याच्या छातीवर ठेवली, तर त्याने हातसुद्धा उचलला नाही.

केटामिनबद्दल तुम्ही जे म्हणालात ते तेव्हाच्या पुस्तकांत होतंच. त्यात तुम्ही एकटे नव्हतात. त्याबद्दल मी तुम्हाला केव्हाच माफ केलं असतं. पण त्या केसच्या चौकशीच्या मीटिंगमध्ये विभागाच्या चीफनी विचारलं, औषध आणि डोस कुणी ठरवला? तुम्ही समोरच्या कागदांवरून नजर न उचलता म्हणालात, "रेसिडेंटने." चार्टवर सही माझी होती. मी तुमच्याकडे बघत राहिले. तुम्ही चष्मा पुसत होतात.

बाहेर कॉरिडॉरमध्ये खांद्यावर हात ठेवून मराठीत म्हणालात, "तू लहान आहेस, तुला सांभाळून घेतील. माझं या वयात कठीण होतं." सांभाळून घेतलं खरंच. सहा महिने मला एकटीला एकही इमर्जन्सी केस दिली नाही. वर्षअखेरीस तुम्ही माझ्यासाठी शिफारसपत्र लिहिलंत, इतकं सुंदर की त्यावर प्लेनोच्या हॉस्पिटलमधली ही नोकरी मिळाली. तेही मी घेतलं.

आता मी रेसिडेंटला सांगते, आधी रक्तदाब बघ, मग औषध. सीनियर चुकत असेल तर मोठ्याने बोल. ती विचारते, "तुम्ही बोलायचात का?" मी विषय बदलते.

तुम्ही गेलात तेव्हा काकूंचा फोन आला. मी म्हटलं, ड्यूटी आहे, येता येणार नाही. ड्यूटी नव्हती. पांढरी साडी नेसून मी गॅरेजमध्ये गाडीत बसले होते, ह्यूस्टनपर्यंत चार तासांचा रस्ता होता, आणि गाडी सुरूच केली नाही.