टकळीचं वाक्य संपेपर्यंत

दि. ५ जून

ती. स्व. आत्यास,
टकळीचे शि. सा. न. वि. वि.

तू शिवलेला निळा कुर्ता मिळाला. परीक्षेला तोच घालणार आहे, म्हणजे निदान कपड्यांचे तरी मार्क मिळतील!

आत्या, या जर्मन भाषेनं मला वेड लावलंय गं. साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी ठाण मांडून बसतं, कर्ता इकडचा तिकडे झाला तरी हलत नाही. पण मध्ये 'कारण' किंवा 'की' आलं, की तेच क्रियापद निमूट उठून पार शेवटी जातं, अगदी आपल्या मराठीसारखं. काही क्रियापदं तर स्वतःचा तुकडा तोडून वाक्याच्या टोकाला ठेवतात. हे जुळवत बसले की मला जेवणाची शुद्ध राहत नाही. लिहिण्यात वर्गात पहिली आहे मी!

घोडं अडलंय ते ऐकण्यात. सरावाला आमच्या बाईंनी रुग्णाचं सोंग घेतलं. डाव्या पायाचं कालपासूनचं दुखणं, एवढं त्या म्हणाल्या मात्र, मी मलम, गोळी, गरम पाण्याची पिशवी सगळं सुचवून मोकळी. दुखणं थांबलंय, असं सांगत होत्या त्या! मग त्यांनी विचारलं, की तुमच्या घरी दुसऱ्याचं वाक्य आपणच पुरं करायची पद्धत आहे का. काय सांगू? बाबा 'अगं, जरा' म्हणतात, तेवढ्यात आई 'चहा', तू 'चष्मा' आणि आजोबा 'पंखा' म्हणून टाकतात.

जर्मनीतल्या त्या रुग्णालयानं नर्सची जागा माझ्यासाठी या परीक्षेच्या निकालापर्यंतच राखून ठेवलीय. नापास झाले, तर दुसरीला जाईल. मला ती हवीच आहे, आत्या. थांबायचं कसं, ते सांग.

सर्वांना यथायोग्य. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
टकळी


दि. १२ जून

चि. टकळीस,
अ. उ. आशीर्वाद.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? थांबायचं कसं हे तू मला विचारतेस! परवाच एक बाई 'बाही जरा' म्हणाल्या, मी 'आखूड' म्हटलं आणि कात्री चालवली. त्यांना लांब हवी होती. आता झालर लावून देतेय आणि नवी फॅशन म्हणून सांगतेय.

पण तुझं पत्र वाचून घरात कायदा केलाय. माझा मापाचा टेप ज्याच्या गळ्यात, त्यानंच बोलायचं. तो टेप काढेपर्यंत बाकीच्यांच्या तोंडाला कुलूप. आजोबा टेप घालून इतके बोलले, की भाजी करपली. आणि ऐक तर खरं! 'अगं, जरा' च्या पुढे दादाला काय म्हणायचं असतं, ठाऊक आहे? 'अगं, जरा बस माझ्याजवळ.' इतकी वर्षं वहिनी आपली चहा टाकत राहिली! लाजली, पण बसली हो.

सोबत टेपचा तुकडा पाठवतेय. खिशात ठेव. जीभ वळवळली, की मुठीत घट्ट धर.

इकडची काळजी नको. जीव तुझ्यात आहेच, तो तसाच राहील.

तुझी,
आत्या


दि. ३ जुलै

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांनी टेप घालून मोठ्यानं वाचावं. शेवटाकडे कुणी डोकवायचं नाही!

परीक्षकबाई रुग्ण झाल्या होत्या. कण्हतकुथत म्हणाल्या, की सकाळच्या गोळ्या त्यांनी, नर्स बाहेर गेल्यावर, पाण्याच्या ग्लासाशेजारून उचलून... 'घेतल्यात ना, शाब्बास' हे अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. खिशातला तुकडा असा आवळला, की बोटं दुखली. आणि वाक्याच्या पार शेवटी क्रियापद आलं: खिडकीबाहेर फेकून दिल्या! मग मी शांतपणे विचारलं, की गोळ्यांची भीती वाटते का. बाई सोंग विसरून हसल्या.

निकाल आज लागला. तर ऐका. जिला तुम्ही सगळ्यांनी जन्मभर मध्येच तोडलं आणि जिनं तुम्हा सगळ्यांना तोडलं, ती तुमची टकळी, आत्याच्या टेपच्या जोरावर, या परीक्षेत, तेही ऐकण्यात सर्वांत जास्त मार्क मिळवून, पास झाली!

लोभात कात्री लागू नये, ही विनंती.

तुमची,
टकळी


दि. ९ जुलै

चि. टकळीस,
अ. उ. आशीर्वाद, आणि आज त्यावर मूठभर जास्तच.

अगं, काय छळलंस आम्हाला! दादा मुद्दाम सावकाश वाचत होता. आजोबांनी खुर्चीचे हात गच्च धरले होते, मी ओठ दातांखाली दाबले होते. पण 'पास झाली' येईपर्यंत कुणी चकार शब्द काढला नाही. मग जो गलका झाला, त्यानं शेजारी धावत आले. मला नाचता येत नाही, तरी नाचले.

गलका शमल्यावर वहिनीनं टेप मागून घेतला. गळ्यात घातला आणि म्हणाली, की टकळी तिकडे गेल्यावर मला... आणि तिथेच थांबली. आम्ही वाट पाहिली. प्रत्येकाच्या तोंडात एकेक शब्द होता, पण या घरात पहिल्यांदाच कुणी तो तिच्या वाक्याला जोडला नाही. मग ती उठली आणि तिनं सगळ्यांसाठी चहा ठेवला.

टेप अजून तिच्याच गळ्यात आहे. मी मापं दोरीनं घेतेय. निघण्याआधी घरी ये आणि तिचं वाक्य पुरं होईपर्यंत जरा बस तिच्याजवळ.

वाट पाहणारी,
आत्या