पाठ करून दिलेले गुण

रविवार, वडगाव रासाई

आज ढोल-ताशाच्या स्पर्धेत आम्ही दोघे परीक्षक पथकांकडे पाठ करून बसलो. कोण वाजवतंय ते दिसू नये, हा नियम माझ्या जोडीच्या परीक्षकांचा, आप्पांचाच. एका पथकाने जुन्या चालीत मध्येच नवा ठेका घातला, तरी चाल मोडली नाही. आप्पांनी परंपरेचे पैकीच्या पैकी गुण दिले. मग वळून बघतात तर कारेगावच्या, कंपनीत कामाला जाणाऱ्या पोरी! लगेच गुण खोडायला निघाले.

"बायांनी ढोल वाजवायचा, ही आपली परंपरा न्हाई."

"आप्पा, कानाला पटलं व्हतं ना? मग पेन खाली ठेवा."

माझं चुकलं का? छे! गुण तसेच राहिले, त्या पोरी पहिल्या आल्या नि आमच्या गावाचं पथक दुसरं. आमच्या पथकात ताशा वाजवणारा माझा धाकटा भाऊ संध्याकाळी माझ्याकडे पाठ करून जेवला. बोटं मात्र ताटावर त्या पोरींचाच ठेका वाजवत होती.