टेबल आणि ओटा

सोमवार, ८ जानेवारी
चाचणीचे मार्क कळले. मला चव्वेचाळीस. हिला अठ्ठावन्न!

पेपरांची अदलाबदल झाली असेल म्हणून मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "आजोबा, मला अक्षर ओळखता येतं."

मी सहावीपर्यंत शाळेत गेलेला माणूस. ही तिसरीतून उठली. प्रौढांच्या वर्गात मी नाव घातलं ते सातवी पास असा एक कागद डोळे मिटायच्या आत हातात यावा म्हणून. आणि हिला ओढलं ते संध्याकाळी एकट्याने रस्ता ओलांडायला नको म्हणून. सोबतीला नेलेलं माणूस पुढे निघून गेलं!

येताना ही मनातल्या मनात हसत होती. मला कळतं.

गुरुवार, ११ जानेवारी
बाक शाळेच्या पोरांचे. गुडघे अडकतात, तास संपला की आम्ही एकमेकांना उपसून काढतो. आम्ही पुरुष मागे, बायका पुढे. पहिले पाचही नंबर पुढच्या बाकांचे. म्हणून आज मागे सभा भरली.

कंडक्टर म्हणाला, "मॅडम स्वतः बाई. बाई बायकांनाच मार्क देणार." (रिटायर होऊन दहा वर्षं झाली, शिट्टी अजून खिशात!)

शेजारचा म्हणाला, "बायकांचं अक्षर गोल असतं. गोल अक्षराला मार्क जास्त."

तिसरा झोपला होता. जागा होऊन म्हणाला, "त्यांना वेळ असतो हो!"

हे काही पटलं नाही. वेळ तर मलाच असतो. इतका असतो की काळजी करूनही उरतो.

शुक्रवार, १२ जानेवारी
शांतपणे विचार केला. मला टेबल आहे. खुर्चीत उशी आहे. दिवा आहे. चहा दोनदा जागेवर येतो. कोणी दार वाजवलं तर ही हळूच सांगते, "यांचा अभ्यास चालू आहे." याच टेबलावर आमचा मुलगा इंजिनिअर झाला. तो तेव्हा अभ्यासाला बसला की घरात कोणी शिंकायचं नाही, असा माझा नियम होता.

हिचं काय? ओट्याशी उभी. पुस्तक डब्याला टेकवलेलं. एक डोळा दुधावर, एक डोळा इतिहासावर. पानांना पिठाची बोटं.

मग हिला चौदा मार्क जास्त आले कुठून?

रविवार, १४ जानेवारी
मुलाला फोन केला. म्हणाला, "आई तुमच्या पुढे? बाबा, बेरीज परत करायला सांगा." सांगितली होती. बरोबर आहे.

संध्याकाळी लेक आली. बेकरीत काउंटरवर असते, सुट्टीच्या दिवशी डोकावते. तिला म्हटलं, हे व्याजाचं गणित बघ गं जरा. तर म्हणते, "मला काय विचारता? मी दहावी नापास. डोकं आईवर गेलंय ना माझं!"

हे वाक्य माझंच. कोणी घरी आलं की ओळख करून देताना सांगतो — मुलाचं डोकं माझ्यावर गेलं, मुलीचं आईवर. लोक हसतात. तीही हसते.

गणित तसंच राहिलं.

सोमवार, २२ जानेवारी
सापडलं! ओट्यात काहीतरी आहे. जागेचा गुण असतो. मी नोकरीला होतो त्या गोदामातसुद्धा एका कोपऱ्यात बसलं की हिशेब चुकायचा नाही.

हिला म्हटलं, उद्यापासून मी ओट्याशी अभ्यास करणार.

"तुम्ही? ओट्याशी?"

"का? मी काय ओटा खाणार आहे?"

"करा की. पण तिथे उभं राहिलं की भाजी बघावी लागते. दूध बघावं लागतं. आणि मी कुठे बसू?"

"बस कुठेही. टेबल मोकळंच आहे."

हिने माझ्याकडे इतका वेळ बघितलं की मला वाटलं तोंडाला शाई लागली आहे.

मंगळवार, २३ जानेवारी
दूध उतू गेलं.

बुधवार, २४ जानेवारी
दूध उतू गेलं. भाजी बुडाला लागली. नद्यांची नावं तीन पाठ झाली होती, ती भांडं घासताना गेली.

मंगळवार, ३० जानेवारी
बाहेरून ओरडते, "अहो, शिट्ट्या किती झाल्या?" मी नद्या मोजत होतो, शिट्ट्या कशा मोजणार? दोन्ही एकदम मोजल्यावर कुकरला अकरा नद्या निघाल्या!

पाय दुखतात. इतकी वर्षं ही उभी कशी राहायची, विचारलं पाहिजे. पण विचारलं तर उत्तर देईल.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी
शेजारीण वाटी मागायला आली. मी हातात झारा घेऊन दार उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "हळू बोला, हिचा अभ्यास चालू आहे."

शेजारीण वाटी न घेताच गेली.

मंगळवार, २० फेब्रुवारी
दुसरी चाचणी. मला एकतीस. हिला एक्क्याऐंशी!!

कंडक्टरने भर वर्गात शिट्टी मारली. "चला आजोबा, तुमचा स्टॉप आला. उतरा!" पुढच्या बाकावरच्या बायका माना वळवून हसल्या. मी घाईने उठायला गेलो तर गुडघा अडकला. मॅडमनी आणि कंडक्टरने दोन बाजूंनी ओढलं.

एकतीस म्हणजे नापास. परीक्षेतही हेच झालं तर ही आठवीच्या खोलीत जाणार आणि मी इथेच. येताना-जाताना कंडक्टर आणि शिट्टी!

बुधवार, २१ फेब्रुवारी
टेबल परत मागायला गेलो. पुस्तकांची उतरंड रचलेली. चष्म्याची डबी माझ्या खणात. ही पेन्सिल चावत बसलेली. लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली, ही पेन्सिल चावते हे आज कळलं!

म्हटलं, "ओट्यात काही नाही गं. सगळं टेबलातच आहे."

"हे कळायला महिना लागला?"

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"मला विचारलं कोणी? आता ते दिव्याचं तोंड जरा इकडे करा आणि जा, काहीतरी जळतंय."

खरंच जळत होतं.

गुरुवार, २२ फेब्रुवारी
तह झाला. दुपारी टेबल माझं, संध्याकाळी तिचं. दुपारी ओटा तिचा, संध्याकाळी माझा. मी म्हटलं, दुपारी मला झोप येते. ही म्हणाली, "मला एक्कावन्न वर्षं येते आहे."

सोमवार, १८ मार्च
परीक्षा. गणितात व्याज आलं! लेकीने सोडलेलं तेच. मीही सोडलं. पण दुसरं होतं — चार माणसांना इतकं धान्य लागतं तर सात माणसांना किती? ते न अडखळता सोडवलं. सात माणसांचं मी करून बसलोय, मुलाकडचे सगळे आले होते तेव्हा.

मंगळवार, २ एप्रिल
पास! गणितात छत्तीस. पस्तीसला पास, म्हणजे एक मार्क उरला. कंडक्टर नापास. त्याने शिट्टी माझ्या हातात ठेवली आणि बाकावर डोकं टेकलं. मी परत दिली. वाईट वाटलं. फार नाही.

ही सगळ्या वर्गात पहिली.

संध्याकाळी घर भरलं. शेजारी, बागेतली मंडळी. "आजोबा, कमाल केलीत! या वयात!" मुलगा फोनवर माझ्याशीच बोलत राहिला. शेवटी म्हणाला, "आईलाही सांगा हं." आई आत होती. मला शाबासकी द्यायला आलेल्यांचा चहा करत होती. मी दोनदा ओरडून सांगितलं, "पहिली ही आली, ही!" लोकांना ती माझी थट्टा वाटली.

लेक दुकान बंद करून आली. तिला मार्क सांगितले.

"आई? पहिली? आपली आई?"

हसत सुटली. हसता हसता टेबलाच्या खुर्चीत बसली. मग हसायची थांबली. दिव्याचं बटण दाबलं, बंद केलं, परत दाबलं. म्हणाली, "इथून उजेड चांगला येतो." चहा न घेता गेली.

बुधवार, ३ एप्रिल
सकाळी पाणीपट्टीचा माणूस आला, विचारायला लागला, घरात कोण कोण? तोंडावर वाक्य आलं होतं — मुलीचं डोकं आईवर गेलंय. पुरं करता आलं नाही. आई तर पहिली आली!

भाजी टाकून तसाच बेकरीत फोन लावला. लेकीला म्हटलं, संध्याकाळी ये. दहावीची पुस्तकं मी आणून ठेवतो. टेबल दोघींना पुरेल. ओट्याचं मी बघतो.

पलीकडून नुसतं नाक ओढल्याचं ऐकू आलं. सर्दी असेल. मग म्हणाली, "बाबा, गॅस बंद केलाय ना?"

नव्हता!