डब्यांवरून ओळखलेला दगड

धारवाड, ११ ऑगस्ट १९९७

ती. आईस दीपीचा वाकून नमस्कार.

माझ्या दगडाचं गणित सुटलं एकदाचं! रिकामे डबे बघून आम्ही काय करून खाल्लं हे तू ओळखतेस ना, तसंच हे. प्रयोगशाळा दगडातलं सिलिका, लोखंड मोजून देते, त्यावरून खनिजं मी काढायची. दगडात गारगोटी डोळ्यांना दिसायची, हिशेबात मात्र उरायचीच नाही. मी मेली सगळं लोखंड एकाच प्रकारचं धरून बसले होते, तेच हिशेबात गारगोटीच्या वाटचं सिलिका खाऊन टाकायचं. दोन प्रकार वेगळे केले आणि गारगोटी आली! सर हसून कानडीत म्हणाले, "छलो आतु," म्हणजे छान झालं.

मेसचं जेवण बरं आहे, काळजी नको.

घरी सगळं ठीक म्हणतेस. पण अडुळसा, ज्येष्ठमध आणल्याचंही लिहिलंस. अप्पांना खोकला कधीपासून आहे?

तुझी दीपी